मोगरीचा पाय थंड होता

काशिनाथदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अलिबागच्या माझ्या दवाखान्यात एका बंगलेवाल्याच्या कुत्र्याची नखं कापत होते. "बाय, हे गेले," एवढंच सुमनवहिनी म्हणाल्या. मी खुर्चीवर बसून हमसून हमसून रडले. आज तीन आठवड्यांनी लिहायला बसले आहे, तर डोळे कोरडे आहेत आणि मनात नुसता राग आहे.

ओहोटीच्या ओल्या वाळूवर आमच्याकडे घोडागाड्यांच्या शर्यती होतात. दादांची मोगरी ही पांढरी घोडी त्यातली. मी पहिल्यांदा गोठ्यात गेले, तेव्हा शर्यतीच्या तोंडावर तिला ताकद यावी म्हणून ते घमेलंभर भिजवलेले हरभरे चारत होते. मी असं झापलं त्यांना! पोटदुखीने मरेल ती, आधी गवत, मग दाणा, तोही थोडा थोडा. माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा, पण सगळं ऐकलं. सराव हळूहळू वाढवायचा, धावून आली की गुडघाभर समुद्रात उभी करायची, म्हणजे स्नायू हाडाशी बांधणाऱ्या शिरांचा दाह उतरतो, मग गोड्या पाण्याने धुवायची, हे मीच शिकवलं. रोज सकाळी तिच्या पायांवरून हात फिरवून ते फोन करत, "थंड हाय, बाय." पाय गरम लागला म्हणजे आत सूज, मग शर्यत नाही, हा आमचा करार होता.

दोन वर्षांपूर्वीच्या शर्यतीला मी स्वतः हात लावून पाहिलं. पाय थंडगार. ओले होते, तर मी दादांच्या स्वच्छतेचं कौतुकसुद्धा केलं! चालवून पाहिली, लंगडत नव्हती. पळू द्या, म्हटलं. अर्ध्या वाटेत मोगरी कोसळली, पुढच्या डाव्या पायाची शीर फाटली. जीव वाचला, पण पळणं कायमचं संपलं. मी वाळूत बसून रडत होते आणि दादा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हात हाय, बाय... चुकतो कंदी." त्यानंतर मी एकाही घोड्याला हात लावला नाही. कुत्री-मांजरी बऱ्या, असं स्वतःला समजावत राहिले.

तेराव्याला सुमनवहिनींनी मला पडवीत बसवलं. "त्या दिशी पाय गरम व्हता, बाय. तुमी येईपरत तिला पान्यात उभी केलेली. सगला गाव बगायला आलेला, माघार कशी घेयाची? मला बोलले, बायला सांगू नको."

माझंच औषध वापरून मला फसवलं. शर्यतीच्या मोहात माणूस घसरतो, ते मी एकवेळ माफ करीन. पण दोन वर्षं माझ्या हातचा चहा पीत, माझा हात चुकला असं मला मानू दिलं, त्याचं काय करू? भांडायला तरी राहायचं होतं, दादा...

परवा पुन्हा गेले. मोगरी गोठ्यात तीन पायांवर भार टाकून उभी होती. दोन वर्षांनी मी खाली बसले, त्या पायावरून तळवा फिरवला. जुन्या दुखण्यापाशी बोटं थांबली.

"गरम आहे," मी म्हटलं.

वहिनींनी खुंटीवरचा दोर काढला. "पान्यात नेऊ?"

"न्या आता. माझा हात लावून झालाय."