साहेबांच्या टेबलावरची घंटा

टिंग.

साहेबांच्या टेबलावर पितळेची घंटा होती. शिपायाला बोलवायला वरून हाताने दाबतात, तसली. दर सोमवारी सकाळी सुरक्षेची मीटिंग व्हायची आणि तिथे इंग्रजीतच बोलायचं, असा त्यांचा नियम. साहेब बाहेरून आलेले, त्यांना मराठी येत नसणार, असं आम्ही धरून चाललो होतो. बोलणाऱ्याची चूक झाली की साहेब घंटा दाबायचे. त्याने थांबायचं, चूक दुरुस्त करायची, नाही जमलं तर खाली बसायचं. बाकीच्यांनी हसायचं. हा शेवटचा नियम कुणी सांगितला नव्हता. पण तोच सगळ्यांना पाठ होता.

त्या सोमवारी मी उभी राहिले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात पॅकिंगला होते. पिवळी भुकटी ड्रममध्ये भरायची, झाकण ठोकायचं. ती भुकटी अशी की शिंकलं तर रुमालात हळद, रडलं तर गालावर हळद. आमच्या बेटेगावात लोक म्हणायचे, हिची हळद नवरा मिळायच्या आधीच लागली. शनिवारी माझ्या शेजारी भरणाऱ्या कमलच्या डोळ्यात ती भुकटी उडाली. डोळे धुवायचा नळ होता भिंतीला, वर हिरवी पाटी. तिला धरून तिथे नेलं. नळ कोरडा ठणठणीत. पिण्याच्या पाण्याची टाकी पार दुसऱ्या टोकाला. तिथवर जाईपर्यंत ती गुरासारखी ओरडत होती.

हे मला सांगायचं होतं. एवढंच.

“सर, कमल डिडन्ट केम टुडे...”

टिंग.

“कम,” साहेब म्हणाले. “डिडन्ट कम. अगेन.”

“डिडन्ट कम. हर आय इज बर्निंग सिन्स टू डेज...”

टिंग.

हसू फुटलं. साहेबांनी बरोबर वाक्य सांगितलं आणि माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. माझे गुडघे एवढे हलत होते की समोरच्या टेबलावरच्या रिकाम्या कपबश्या वाजायला लागल्या. शेवटी जमलं. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, “गुड. सिट.” चहा आला.

वाक्य दुरुस्त झालं. डोळा तसाच राहिला. नळ तर तोंडातच राहिला.

आता मी कोण ते सांगते. मी म्हणजे बेटेगावची तोंडाळ. मी विहिरीवर गोष्ट सांगायला बसले की बायकांच्या कळश्या भरून वाहायच्या, भाकऱ्या करपायच्या, नवरे शोधायला यायचे आणि तेही ऐकत बसायचे. मी हाक मारली की शिरगावच्या किल्ल्यावरची कबुतरं उडायची. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा.

अशी मी. आणि एका बोटाएवढ्या घंटेने माझी जीभ टाळ्याला चिकटली.

कुल्फीवाल्याची घंटा वाजली की मी बोलता बोलता खाली बसायची. रस्त्यात मागून सायकलची घंटा वाजली तर मी थांबून सायकलवाल्याला सॉरी म्हणायची. देवळात नवस बोलत होते, मराठीतच, मागून कुणीतरी घंटा वाजवली. मी तिथेच गप्प. देवीने अर्ध्या नवसाचं काय केलं, तिलाच ठाऊक. रविवार दुपारपासून पोट दुखायला लागायचं. घरातही मी तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात तपासायची, चूक नाही ना. आई शेजारणीला म्हणाली, “माझ्या पोरीला कुनीतरी बांधलं हाय.”

बांधलंच होतं.

कमलला भेटायला गेले. एका डोळ्यावर पट्टी. तिने विचारलं, मीटिंगमध्ये काय झालं. मी म्हटलं, टाळ्या पडल्या.

“टाल्या?” ती म्हणाली. “कशाला गो?”



मग मी भीतीपोटीच वाचायला लागले. चुका संपल्या की घंटा संपेल, असा हिशेब. स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून कव्हर फाटलेली इंग्रजी पुस्तकं आणली, भावाची डिक्शनरी घेतली. शिफ्टच्या बसमध्ये एकेका शब्दाला धरून वाचायची. पहिलं पान पार करायला मला एवढा वेळ लागला की तेवढ्यात कंपनीने बसचे टायर बदलले.

एका पुस्तकात एक मोलकरीण होती. ती सगळ्या पुस्तकभर मोडकंतोडकं इंग्रजी बोलते. क्रियापदं सगळी वाकडी. मालकिणीला तोंडावर सुनावते. मी घाबरून वाट बघत होते, आता घंटा वाजेल. पानामागून पान गेलं. नाही वाजली. लिहिणाऱ्याने तिला थांबवलं नाही, पुस्तकातून काढून टाकलं नाही. समोरचे लोक ती काय म्हणते ते ऐकत होते.

वाचायची अशी सवय लागली की मी भिंतीही वाचायला लागले. आणि एक दिवस ड्रम वाचला. रोज ज्याला कवेत धरून सरकवत होते, तो ड्रम. इंग्रजीत छापलं होतं: डोळ्यात गेल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवा, डॉक्टरकडे न्या. शुद्ध इंग्रजी. एक चूक नाही. साहेबांनी ते नक्की वाचलं असणार.

आणि नळ कोरडा.

कमलच्या डोळ्यात तोवर फूल पडलं होतं. तो गेलाच. तिच्या जागी नवीन मुलगी आली होती, तीही भुकटीवर वाकून भरायची.

मग एका सोमवारी बाहेरचे तपासनीस आले. परप्रांतातले, त्यांना खरोखरच मराठी येत नव्हतं. साहेबांनी आधीच सांगून ठेवलं, ज्याला नीट इंग्रजी येतं त्यानेच बोलावं. सगळे खाली बघत बसले. माझ्या हाताला एवढा घाम की त्यात नळ धुऊन निघाला असता.

मी उभी राहिले.

“सर, आय-वॉश टॅप हॅव नो वॉटर...”

टिंग.

कुणीतरी हसलं.  मी टेबलाची कड धरली.

“फ्रॉम मेनी मंथ. कमल आय इज गॉन...”

टिंग. टिंग.

“यू रिंग, सर,” मी म्हणाले. “आय टॉक.”

आणि बोलत राहिले. ड्रमवर काय लिहिलंय ते बोलले, नवीन मुलीचं बोलले. चुका एवढ्या केल्या की घंटेचं बटण झिजलं असेल. तपासनीस माझ्याकडे बघत होते, घंटेकडे नाही. तेव्हा साहेब दात आवळून म्हणाले,

“ए, खाली बस. पुरे झालं.”

मराठीत. स्वच्छ, अस्सल मराठीत.

 म्हणजे त्यांना येत होतं. पहिल्या सोमवारीही येत होतं. “साहेब, कमलचा डोळा जळतोय, नळाला पाणी नाही,” एवढं मी माझ्या भाषेत म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं. त्यांना कळायचंच नव्हतं. घंटा इंग्रजीसाठी नव्हतीच. ऐकावं लागू नये म्हणून होती.

तपासनिसांनी नळ उघडून बघितला. तो खोकला आणि आतून एक कोळी बाहेर आला, एवढंच. नंतर गंजाचं लाल पाणी यायला लागलं. पुढे तेही बंद झालं. मला पॅकिंगवरून काढून रिकामे ड्रम धुवायला लावलं. कमलचा डोळा आला नाही.

माझी भीती गेली असं सांगितलं, तर माझ्या आजवरच्या थापांत ती सगळ्यात मोठी ठरेल. सोमवारी अजून पोट दुखतं. पण आता माझ्यापुढे ठेवलेला प्रत्येक कागद मी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते, आणि वाचून उभी राहते. चुकीचं बोलेन. मोडकं बोलेन. पाय लटपटत बोलेन.

वाजवा घंटा. माझं वाक्य पुरं होईपर्यंत मी खाली बसणार नाही.