पालथा रिले

आमच्या दुरुस्ती गल्लीत बोर्ड पालथाच जगतो. पंखा येऊ दे, वजनकाटा येऊ दे, झाकण उघडलं की बोर्ड आधी उलटा करायचा: सुटे भाग खाली, सोल्डरचे डाख वर. बिघाड तिथेच सापडतो. त्यामुळे कोणत्याही भागाचे पाय मोजताना आम्ही खालून मोजतो, आणि जगही तसंच मोजत असेल असं धरून चालतो.

टाचणी याच गल्लीत मामाच्या दुकानात वाढली. टाचणी म्हणतात, कारण ती बोलते कमी आणि टोचते जास्त. शाळा अर्धवट सुटली, पण सोल्डरची बंदूक सुटली नाही. सर्किट बोर्डाचे नकाशे काढायचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. ते कुणा एकाचं नाही, वापरणाऱ्यांनीच ते बांधलंय. त्यात प्रत्येक सुट्या भागाचा ठसा लागतो, म्हणजे त्याचे पाय बोर्डावर नेमके कुठे बसणार त्याचं चित्र. त्याला फुटप्रिंट म्हणतात. नव्या, चकचकीत भागांचे ठसे काढायला हजार हात पुढे येतात. आमच्या गल्लीत रोज लागणाऱ्या जुन्या, स्वस्त, बिननावाच्या भागांकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. ते टाचणी काढते. भाग हातात घ्यायचा, कॅलिपरने मापायचा, चित्र काढायचं आणि सगळ्यांच्या साठ्यात पाठवायचं. तिकडचे तपासनीस बघतात, खुसपटं काढतात, मग आत घेतात.

मी या गल्लीची संघटना चालवते. कंपन्यांनी सुटे भाग आणि नकाशे दडवायचे आणि आम्ही भंगार उपसत बसायचं, हे मला कधीच पटलं नाही. टाचणीचं एकेक चित्र साठ्यात गेलं की मला वाटायचं, घ्या, कुलूप फोडलं. मी तिचं नाव सभांमध्ये नाकावर टिच्चून सांगायचे.

गेल्या थंडीत तिच्यासमोर मोठी गोष्ट येऊन उभी राहिली. तपासनिसांनी तिला साठ्याची किल्ली द्यायचं ठरवत आणलं होतं. किल्ली म्हणजे दुसऱ्यांची चित्रं तपासून आत घेण्याचा हक्क. सरकारी प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख म्हणाले होते, तो हक्क मिळू दे, मग शाळेच्या दाखल्याचं मी बघतो, बोर्ड शिकवायची जागा तिचीच. मामाच्या दुकानातला धूर तिच्या छातीत बसत चालला होता. बोलता बोलता खोकायची. खिडक्या असलेल्या वर्गात उभं राहून शिकवायचं, एवढीच तिची हाव.

त्याच आठवड्यात सॉफ्टवेअरच्या चर्चेच्या पानावर तिने एका माणसाची तक्रार वाचली. कुठल्या तरी दूरच्या गावात तो अंडी उबवण्याची पेटी चालवतो. वीज गेली की पेटी बॅटरीवर जावी म्हणून त्याने स्वतः बोर्ड काढला होता. वीज असताना सगळं छान चालायचं. मग एकदा वीज गेली, पेटी थंड पडली आणि आतली पिल्लं अंड्यातच मेली. बॅटरी भरलेली होती, असं तो परत परत लिहीत होता. शहाण्या मंडळींनी त्याला धुऊन काढलं होतं. एकाने विचारलं होतं, बॅटरी कधी चार्ज केली होतीस का रे बाबा? त्यावर बऱ्याच जणांनी हसरे चेहरे चिकटवले होते.

त्याने बोर्डाचा फोटो टाकला होता. टाचणीने तो मोठा करून पाहिला. त्यावरचा रिले तिच्या ओळखीचा होता. रिले म्हणजे वीज मिळाली की आतली पट्टी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पाडणारी चौकोनी डबी. त्याचा ठसा तिनेच काढला होता.

आमच्या इमारतीच्या जिन्यात त्याच ठशावरून केलेला पहिला बोर्ड बसवलाय. वीज गेली की दिवा बॅटरीवर लागतो. इतकी वर्षं बिनतक्रार लागतोय. ती स्टूल घेऊन चढली, डबा उघडला, बोर्ड उलटा केला. पोटाशी काळ्या टेपखाली दोन बारीक तारा एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या.

तिने बोर्ड तसाच आणून मामाच्या टेबलावर ठेवला. मीही तिथेच होते, संघटनेच्या पावत्या फाडत. मामाला आठवायला वेळ लागला नाही. बसवताना त्याने सवयीने प्लग उपटून पाहिला होता, दिवा विझला, मग त्याने तारा फिरवल्या, दिवा लागला. टाचणीने विचारल्यावर "चालतोय" म्हणाला. तेवढ्यावर तिने चित्र साठ्यात पाठवून दिलं. आमच्याकडे हातातली वस्तू नीट झाली की काम संपतं. तिच्यामागे एक चित्र असतं आणि ते चुकीचंच राहिलं, हे कुणाच्या डोक्यात येणार?

चूक साधी होती. तिने पाय खालून मोजले होते, सॉफ्टवेअर वरून बघतं. चित्र आरशातलं झालं. दुसरा एखादा भाग असता तर बोर्डावर बसलाच नसता. या रिलेचे पाचही पाय उलट्या ठशातही बरोबर भोकांत जातात, फक्त शेवटचे दोन आपली जागा बदलतात. म्हणजे वीज असेपर्यंत पेटी बॅटरीवर चालणार, आणि चार्जर बॅटरी भरत राहणार, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. वीज गेली की पट्टी पडणार ती नेमकी मेलेल्या तारेवर.

मामा बराच वेळ चष्मा पुसत बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "अगं, किल्ली तुझ्याच हातात येतेय ना? येऊ दे. मग गुपचूप सुधार. कोण विचारायला येतंय?"

"आणि तो माणूस? तो बॅटऱ्या बदलत बसलाय."

"तार मी फिरवली. माझं नाव लिही."

"तुम्हाला तिथं कोण ओळखतं, मामा?"

मामाला ते लागलं. तिलाही कळलं की लागलं. मी तोंड उघडणार होते, माझा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "ताई, तुम्ही भाषण करू नका." मी पावत्या फाडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर जायच्या आत तिने लिहून टाकलं होतं. ठसा माझा, चूक माझी, खालून मोजलेले पाय वरचे म्हणून काढले. ज्यांनी हा रिले वापरलाय त्यांनी प्लग उपटून पाहा. त्या माणसाला वेगळं लिहिलं: तुमची बॅटरी भरलेलीच होती.

तपासनीस वाईट माणसं निघाली नाहीत. एकाने कबूल केलं की भाग हातात न घेताच त्याने चित्र आत घेतलं होतं. जुन्या ठशावर धोक्याची खूण लागली, शेजारी नवा आला. पण किल्लीचा विषय पुढे ढकलला गेला, आणि पुढे म्हणजे कधी ते कुणी सांगेना. मी केंद्रप्रमुखांकडे जाऊन टेबलावर हात आपटून आले. ते म्हणाले, "मुलगी प्रामाणिक आहे हो, पण..." त्या पणच्या पुढे आजपर्यंत काही आलेलं नाही. जागा दुसऱ्या कुणाला गेली.

त्या माणसाचं उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं. त्याने पेटी मोडीत काढली होती. लिहिलं होतं, "तुमचं पत्र बायकोला दाखवलं. ती इतके दिवस म्हणत होती, मीच झोपलो असेन." एवढंच. माफ केलं म्हणाला नाही, शिव्याही दिल्या नाहीत. टाचणीने ते मला वाचून दाखवलं आणि खोकत मोरीकडे गेली.

आता ती रोज कामाला बसण्याआधी ते चर्चेचं पान चाळते. कुणाचा पंखा ऐन वेळी बंद पडला, कुणाचा दिवा लागला नाही, शोधत असते. फुकटच्या साठ्यातून कोण काय घेऊन गेलं याची नोंद कुठेच नसते. ज्याला आपण मोठ्या तोंडाने स्वातंत्र्य म्हणतो, त्याची ही बाजू मी सभेत कधी सांगितली नव्हती. चित्र दुरुस्त होतं, लोकांच्या घरी लागलेले बोर्ड होत नाहीत.

परवा संध्याकाळी गल्लीतली वीज गेली. आम्ही तिघं जिना उतरत होतो. बोर्ड केव्हाच परत बसवला होता, जिन्यातला दिवा लगेच लागला. मामा सवयीने म्हणाला, "बघ, चालतोय." टाचणी तिथेच पायरीवर थांबली, कठडा धरून. तिने वर दिव्याकडे पाहिलंच नाही. फोन काढला, ते पान उघडायला लागली, आणि विजेबरोबर नेटही गेल्यामुळे ते उघडत नव्हतं.