पाटावरचे दोन पासपोर्ट

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात साचे, घण, सांडशी यांच्या शेजारी दोन पासपोर्टही पाटावर मांडले जायचे. एक आपल्या देशाचा, मुदत संपलेला, दुसरा विलायतेचा. वडील तिकडे दहा वर्षं ओतकामाच्या भट्टीवर होते. बरोबरच्या कामगारांनी सांगितलं म्हणून त्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं. मग कोल्हापूरला परतून ते इंजिनाचे भाग ओतू लागले. ज्यानं पोट भरलं त्याला हळदकुंकू, एवढंच त्यांना कळत होतं. "एका घराला दोन दारं असली म्हणून घरं दोन हुत्यात व्हय?" असं ते प्रसाद वाटताना विचारायचे. लोक पेढा खायचे आणि मान डोलवायचे.

पुढं भट्ट्यांना कोळसा मिळेना. वडिलांनी ठरवलं, खासदारकीला अपक्ष उभं राहायचं आणि दिल्लीत कोळशाचं बोलायचं. आई म्हणाली, "घरात कोण ऐकतंय तुमचं, आन् दिल्ली ऐकणार व्हय!" अर्जावर सूचक म्हणून सही माझी. मतदारयादीत त्यांचं नाव होतंच. जन्म पेठ वडगावचा, बोलणं इथलं, विचारणार कोण?

अर्जांच्या छाननीला जाताना पिशवी मी भरली. "कागद समदं घे, काय ऱ्हायला नको," असं ते म्हणाले होते. मी दोन्ही पासपोर्टही टाकले. बी.ए. झालेली मुलगी मी, मला काडीची शंका आली नाही.

कलेक्टर कचेरीत दुसऱ्या एका उमेदवाराच्या वकिलानं हरकत घेतली, हे विलायतेचे नागरिक आहेत. छाननी करणाऱ्या साहेबांनी पुरावा मागितला. वकिलाकडे काहीच नव्हतं. पेढा खाल्लेल्या कुणाचं तरी बोलणं त्याच्या कानावर गेलं होतं, एवढंच.

वडील हसले. "लपवायचं काय त्यात? पोरी, काढ की दोन्ही."

मी काढले. साहेबांनी हळदीचे डाग पडलेला विलायतेचा पासपोर्ट उघडला आणि आवाज न चढवता म्हणाले, "दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलंत, त्या दिवशी इथलं संपलं. दोन्ही ठेवता येत नाहीत. अर्ज नामंजूर."

"मग मी हितला न्हाय?"

साहेब पुढचा अर्ज उघडत होते.

आम्ही चालत घरी आलो. मला रडू आलं नाही, रागही आला नाही. दुकानांच्या पाट्या तेवढ्या वाचत चालले होते.

वडिलांचं नाव नंतर मतदारयादीतूनही गेलं. मतदानाला आई आणि मी गेलो, ते भट्टीवर गेले. पिशवी कुणी भरली, हे त्यांनी कधीच काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या खंडेनवमीला मी सवयीनं पासपोर्ट आणले. वडिलांनी हळदकुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला.

"तूच कर पूजा. तू हितली हायस."

मी हत्यारांना कुंकू लावलं. पासपोर्टांना लावायचं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.