राजूरच्या वाटेवर सुटलेला श्वास

माझा विश्वास कुंडलिनीवर होता की माझ्या वाचनावर, हे आज मला सांगता येणार नाही. जाफराबादला मी शाळेत संस्कृत शिकवते. आई गेल्यावर मन कशातच लागेना, तेव्हा या विषयाची पुस्तकं जमवू लागले. ही विद्या किती जुनी, याचा नेमका थांग कुणालाच नाही. शैव-शाक्त तांत्रिकांनी ती जपली, नाथजोग्यांनी गावोगाव नेली, संतांनी तिला मराठीत बोलती केली. कुणी सहा चक्रं मोजतं, कुणी नऊ. कुणी प्राणायाम सांगतं, कुणी नुसतं नाम. पण गुरूशिवाय या वाटेला जाऊ नये, असं बहुतेक सगळेच बजावतात. नेमकं तेवढंच मी कानाआड केलं आणि मोबाइलवर बघून रोज पहाटे श्वास कोंडू लागले.

दोन महिन्यांत अंगाची आग, हातांना कंप, छातीत धडधड. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि हा प्रकार आधी बंद करायला लावला. तो बंद झाला. भीती मात्र गेली नाही. वर्गात उभं राहिलं की ती येई. एकदा तास अर्धवट सोडून बाहेर आले आणि रजाच टाकली. पुन्हा शिकवायला जमेल, असं मला वाटत नव्हतं.

एका मंगळवारी राजूरच्या गणपतीला निघाले. यजमान सोबत येतो म्हणत होते, पण मीच हट्टानं एकटी गेले. भोकरदनला जीप बदलली. शेजारी बुरख्यातली एक म्हातारी होती, जालन्याला लेकीकडं निघालेली. केदारखेड्याजवळ माझा दम कोंडला. “थांबवा, थांबवा!” म्हणत मी उतरले आणि रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसले. पाहते तर म्हातारीही उतरलेली.

“तुम्ही कशाला उतरलात? तुमची जीप जाईल.”

“जाऊ दे की. दुसरी येती.” तिनं माझ्या चपला काढून पाय मातीवर टेकवले. “बाई, दम ओढून का राह्यली? येतो तेवढा येऊ दे. आपल्याला काही जल्दी न्हाई.”

का कोण जाणे, घरी न बोललेलं सगळं मी तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, “माझे अब्बा दर्ग्यात जिक्र करायचे, अल्लाचं नाव घेत बसायचे. छातीत नाजूक जागा असतात म्हणायचे, तिथं नूर उतरतो. मी इचारलं, मला कधी दिसंल? तर म्हणले, नूर खेचून आणायचा नसतो बेटा. आपण घर झाडून ठेवायचं. त्याला यायचं तवा तो बराबर येतो.”

माझ्या पुस्तकांत शक्ती खालून वर चढत होती. तिच्या अब्बांचा प्रकाश वरून उतरत होता. आणि मी? मी दोन्हीकडे नुसती ओढाताण करत होते. ती बोलत असतानाच श्वास कधी सुटा झाला, मला कळलंही नाही.

पुढच्या जीपमध्ये राजूरपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. मी उतरले, ती तशीच पुढं जालन्याला गेली. देवळाच्या पायऱ्यांवर भीती पुन्हा आली. या वेळी मी बसले नाही. भीतीलाच म्हटलं, चल, तूही दर्शन घे. आणि चढत गेले, थेट वरपर्यंत. मूलाधारात, म्हणजे कुंडलिनी निजते त्या सगळ्यात खालच्या चक्रात, गणपती वसतो, हे अथर्वशीर्षातलं मी मुलांना कितीदा शिकवलं होतं! जो आधीपासून आत बसलेला आहे, त्याला मी धक्के देऊन उठवू पाहत होते. “मोरया!” मी ओरडले. किती दिवसांनी माझा आवाज असा खणखणीत निघाला! रांगेतल्या बाया वळून हसल्या आणि सगळ्यांनीच गजर उचलला.

बरं व्हायला पुढे काही आठवडे लागले, औषधंही घेतली. पण आता आपल्याला काही जमणार नाही, ही भीती त्या दिवशीच संपली होती. आज मी रोज सलग पाच तास घेते, मुलांच्या गोंगाटावर आवाज चढवून. सकाळी नुसती बसते. श्वास त्याच्या मर्जीनं येतो, जातो.

त्या माउलीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण गणपतीला हात जोडले की ते तिलाही पोचतात. वेगळे जोडावे लागत नाहीत.