करड्या माद्या

पप्पांना झटका आला त्या आठवड्यात आईने हॉलमधल्या तिन्ही टाक्यांतले मासे एकाच मोठ्या टाकीत ओतले. हॉस्पिटलच्या खेपा, डबे, वर तीन टाक्यांचं पाणी, एकटी बाई किती ठिकाणी पुरी पडणार? मी उलव्याहून, माझ्या घरून आले, टाकी पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला.

हे मासे मूळचे आफ्रिकेतल्या मलावी तलावातले. दुकानदार त्यांना पीकॉक म्हणून मोकळे होतात. पप्पा मात्र ‘औलोनोकारा’ असं भारदस्त नाव घ्यायचे, तेही बनियनवर बसून. त्यांच्या जबड्याखालच्या हाडात बासरीला असावीत तशी भोकं असतात आणि त्यांमुळे वाळूत दडलेला किडा हलला तरी त्यांना कळतं. त्या भोकांवरून माशांचा हा गट, म्हणजे जीनस, वेगळा धरला. त्यात पुढे किती जाती मानायच्या यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पप्पांना या भांडणाचा फार आनंद व्हायचा, कारण तिथे सोसायटीच्या मीटिंगपेक्षा बरे मुद्दे निघतात म्हणे.

आमच्याकडे तीन जाती होत्या. नर ओळखायला अक्कल लागत नाही: एक निळा, एक पिवळाधमक, एक विटकरी. माद्या मात्र तिन्ही जातींच्या एकसारख्या करड्या. कुठली मादी कुठल्या टाकीतली, एवढीच तिची ओळख. त्या मिसळल्या की पिल्लं भेसळीची होतात. अशी पिल्लं होऊ नयेत म्हणून पप्पा रिटायर झाल्यापासून पहारा देत बसलेले. “माझ्या लग्नाच्या वेळी एवढी चौकशी केली नव्हती तुम्ही,” असं मी त्यांना चिडवायचे.

“मला काय माहीत गं? सारख्याच तर दिसतात सगळ्या,” आई म्हणाली आणि रडायला लागली. मग मलाच माझा राग आला.

पप्पा घरी आले ते उजवी बाजू आणि बोलणं गमावून. ‘हां’ एवढंच उरलं होतं. आतून त्यांना कितपत कळतंय, ते हळूहळू दिसेल, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू म्हणजे कधी? मला तेव्हाच्या तेव्हा हवं होतं. मी त्यांची व्हीलचेअर टाकीसमोर आणली. नर आम्ही रंगावरून आधीच आपापल्या टाक्यांत सोडले होते. मी हातात जाळी धरून विचारलं, “पप्पा, ह्या माद्या कुठे कुठे सोडू?”

त्यांनी डावा हात उचलला. एका मादीकडे बोट केलं, मग डावीकडच्या टाकीकडे. मग दुसरी. मग तिसरी. न अडखळता. आईने पदर तोंडाला लावला. मी जिन्यात जाऊन नवऱ्याला फोन केला, “पप्पा शाबूत आहेत.” इतकी खूश मी माझ्या बाळंतपणातही झाले नव्हते.

पुढच्या रविवारी गेले, तर जाळी आईच्या हातात.

“हे काय?”

“रोज दुपारी करायला लावतात,” ती म्हणाली.

मी बघत राहिले. पप्पांनी शेपटी फाटलेली मादी दाखवली. त्यांच्याच सांगण्यावरून मी तिला डावीकडे सोडलं होतं. आज त्यांचं बोट उजवीकडे गेलं.

“आई, हिला तर...”

“माहितीये मला. त्यांच्यासमोर नको.”

आईने मादी उजवीकडे सोडली. मग पप्पांनी गळा फुगलेल्या एका मादीकडे बोट केलं. या माद्या अंडी तोंडात घेतात, पिल्लं बाहेर पडेपर्यंत दोन-तीन आठवडे काही खात नाहीत. अशा वेळी जाळी लावली तर त्या घाबरून सगळं थुंकून टाकतात. अशी मादी दिसली की पप्पा काचेवर टॉवेल टाकायचे आणि आम्हाला टीव्हीचा आवाजही मोठा करू द्यायचे नाहीत.

आई थांबली. तिलाही ते दिसलं होतं.

“हां!” पप्पा चिडले. “हां! हां!”

आईने जाळी घातली. मादी धडपडली, तोंड उघडलं आणि पिवळे दाणे पाण्यात सांडले. नर धावून आला, बाकीच्या माद्याही आल्या. क्षणात पाणी स्वच्छ झालं.

पप्पा हसले, अगदी समाधानाने, आणि त्यांनी पुढच्या मादीकडे बोट केलं. आईने जाळी पुन्हा पाण्यात घातली.