कचेरीमागची वस्ती

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली असतील. जिल्ह्याच्या कारभाराची नवी घडी बसत होती, कचेऱ्यांत नवी माणसे घेतली जात होती, आणि मेहकरच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या मलाही बढती मिळून बुलढाण्यास हजर होण्याचा हुकूम आला. आमचे घर जानेफळला. तेथून मेहकरला मोटारीने जाऊन-येऊन नोकरी करता येत होती; बुलढाण्याला ते शक्य नव्हते. बिऱ्हाड हलवावे लागणार होते.

वडील आदल्या वर्षी गेले होते. पत्नी आणि दोन मुले माझ्याबरोबर येणार हे उघडच होते. प्रश्न आईचा होता. आम्ही तिला माय म्हणत असू. तिने लगेच होकार दिला नाही. दोन दिवस विचार करून म्हणाली, "चार मह्यने राहून पाहीन. मन लागलं तं राहीन. नाई लागलं तं मले वापस आणून सोडजो. मंग रुसायचं नाई, बाबू."

मी कबूल केले. वस्ती मी निवडायची होती आणि माय आमच्यात राहणार की नाही हे त्या निवडीवर ठरणार होते. हे मला तेव्हाही समजत होते. म्हणूनच पुढे जे झाले ते नकळत झाले असे मला म्हणता येत नाही.

मी आधी एकटाच हजर झालो आणि बुलढाण्यात दोन जागा पाहिल्या. पहिली जुन्या गावातली. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना मातीची घरे, आणि बहुतेक घरे भाजीपाला पिकवणाऱ्यांची किंवा तो बाजारात विकणाऱ्यांची. दोन खोल्या आणि पुढे अंगण. घरमालकीण माझ्या मायच्याच वयाची होती. मी भिंतीकडे पाहत उभा राहिलो तशी ती म्हणाली, "काऊन, नळ पाहून राह्यले का साहेब? नळ नाई इथं. हीर हाये. हिरीचं पाणी कोन्या साहेबाची वाट पाहत नाई."

शेजारच्या ओट्यावरून दुसरी म्हणाली, "कचेरीतले लोक इथं राहत नाईत वं. त्याईच्या लेंग्याले धूळ लागते."

"लागू दे. बायको धुईन." मग मालकिणीने मला विचारले, "घरी मोठं मानूस कोन हाये?"

"माय आहे," मी म्हणालो.

"मंग तिले घेऊन या. जागा तिले दाखवा. तुम्हाले काय समजते?"

त्या दोघी हसल्या. मीही हसलो, आणि विचार करून सांगतो असे म्हणून निघालो.

दुसरी जागा कचेरीच्या मागे नव्याने उठलेल्या वस्तीत. पक्क्या विटांच्या तीन खोल्या, सिमेंटची फरशी, दाराशी नळ, आणि घराघराभोवती तारेचे कुंपण. राहणारी सगळी सरकारी माणसे. कोणी पुण्याकडची, कोणी नाशिकची, कोणी नागपूरची. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणारी. रस्त्यावर शांतता होती. एका घरात एक मुलगी आपल्या आईला काहीतरी सांगत होती, आणि तिचे बोलणे इतके नेटके, इतके छापल्यासारखे होते की मी कुंपणाशी थांबून ते ऐकले.

ती जागा मी त्याच दिवशी पक्की केली. घरी सांगितले, शाळा जवळ आहे, नळ आहे, कचेरी पाच मिनिटांवर आहे. या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. चौथी मी सांगितली नाही. नव्या कचेरीत पहिल्याच आठवड्यात, वरिष्ठांपुढे मत मांडताना माझ्या तोंडून "साहेब, मले असं वाटते" असे निघून गेले होते. वरिष्ठ सौजन्याने हसले. बाकीचे तितक्या सौजन्याने हसले नाहीत. माझ्या मुलांवर तो प्रसंग येऊ नये असे मला वाटत होते. इथपर्यंत ते बापाचे मन होते असे मी म्हणू शकतो. पण जुन्या गावातली ती गल्ली मी नाकारली तेव्हा ज्या बोलण्याला मी नको म्हणालो ते माझ्या मायचेच बोलणे होते, आणि ती तर आमच्याबरोबर याच घरात राहायला येणार होती. हा साधा हिशेब मी केला नाही.

पौषात आम्ही आलो. माय पहिले काही दिवस कुंपणाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांशी बोलण्याचा प्रयत्न करी. बायका वाईट नव्हत्या. त्या थांबत, "बऱ्या आहात ना आजी?" म्हणून विचारत आणि उत्तर पुरते ऐकण्याआधी पुढे जात. दुपारी सगळ्यांची दारे लागलेली असत. एकदा माय पत्नीला म्हणाली, "इतक्या बाया हायेत अन् एकीचाही आवाज येत नाई. दिवसा कोन झोपते वं?" मुलांची भाषा दोन महिन्यांत बदलली. थोरली मुलगी आजीला सुधारू लागली, आणि माय कौतुकाने तिच्यासारखे म्हणून पाही. मी शेजारी बसून ते ऐकत असे आणि मला समाधान वाटे.

मग चैत्र लागला. आमच्याकडे या दिवसांत कुरडया होतात. माय त्यांना कुरोड्या म्हणे. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून, पिळून, गाळून त्यातले सत्त्व काढायचे, आणि पहाटे तो चीक मोठ्या गंजात शिजवायचा. शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यातून कापडावर घालावा लागतो. निवला की घट्ट होतो आणि मग काही उपयोग नाही. हे एकटीचे काम नव्हे. जानेफळला ज्या घरच्या कुरडया असत त्या घरी अख्खी गल्ली आपापले सोरे घेऊन येई. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. बोलवावे लागत नसे. चूल पेटली की बायका येत, आणि आली नाही तिची वर्षभर थट्टा होई.

मायने दोन पायल्या गहू भिजत घातले. पत्नी म्हणाली, "एवढे कायले, आत्याबाई? आपण पाच मानसं."

"बाया येतीन त्याईच्या घरी द्यायचे नाई का?" माय म्हणाली.

शहरात बोलवावे लागते एवढे तिने हेरले होते. म्हणून आदल्या संध्याकाळी ती धुवट लुगडे नेसून घरोघर गेली आणि उद्या सकाळी कुरोड्यांना या म्हणून सांगून आली. परत आली ती आनंदात होती. "साऱ्या येतो म्हनाल्या. त्या कोपऱ्यावरच्या बाईनं तं माहा हात धरला."

मला त्या वस्तीचे "येते हं" ठाऊक होते. कचेरीत मी तेच रोज ऐकत होतो. कोणाला दुखवायचे नसले म्हणजे ते म्हणत. मायच्या गावी येते म्हणणारी बाई येई, आणि यायचे नसले तर तोंडावर "मले जमत नाई" म्हणे. त्या संध्याकाळी मी तिला हे सांगायला हवे होते. तिचा चेहरा पाहून मी दुसरेच काही विचारले.

सकाळी अंगणात दोन बाजा टाकल्या, त्यांवर धुतलेली लुगडी अंथरली. तीन विटांच्या चुलीवर गंज चढला. माय लाकडी दांड्याने चीक हाटत होती आणि मधून मधून रस्त्याकडे पाहत होती. चीक शिजला. कोणी आले नाही. तेव्हा ती कुंपणाशी गेली आणि गावात हाक मारतात तशी तिने हाक मारली, "ओ बाई, चीक झाला नं. या ना वं, थंडा होऊन राह्यला."

समोरच्या घराची खिडकी उघडली. तेथे माझे वरिष्ठ राहत. मी घाईने मायजवळ गेलो आणि म्हणालो, "आई, हळू बोल."

एरवी मी तिला माय म्हणे. आई हा शब्द तिच्या तोंडावर मी पहिल्यांदाच वापरला होता. तिने माझ्याकडे पाहिले, मग खिडकीकडे पाहिले आणि ती पुन्हा चुलीकडे गेली.

पत्नीचे हात भाजत होते. ती म्हणाली, "अहो, शेजारच्या दोन घरी तरी जाऊन सांगा ना." मी म्हणालो, मला कचेरीला उशीर होतो आहे. उशीर होत नव्हता. निदान दुसरा सोऱ्या घेऊन बसणे मला जमले असते. लहानपणी मी ते केले होते. पण अंगण रस्त्यावरून दिसत होते.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा एका बाजेवर कुरडया वाळत होत्या. दुसरी बाज रिकामी होती. गंजात अर्ध्याहून अधिक चीक दगडासारखा बसला होता, आणि माय तो उलथन्याने खरवडून टोपलीत काढत होती. कोण्या गवळ्याच्या म्हशीला घालणार होती. एवढ्यात कोपऱ्यावरच्या बाई आल्या. मनाने खरोखर चांगल्या होत्या. "आजी, अहो येणारच होते, पण पाहुणे आले. किती सुंदर झाल्यात! आम्हाला विकत द्याल का थोड्या?"

मायने हात पुसले, सूप घेतले, आणि बाजेवरच्या अर्ध्याहून अधिक कुरडया त्यात भरून बाईंच्या हाती दिल्या. म्हणाली, "विकत कायच्या, माय. तुमच्याचसाठी होत्या."

बाई गेल्यावर तिने चिकाची टोपली उचलली. मी ती घेण्यासाठी हात पुढे केला. "राहू दे," ती म्हणाली, "रस्त्यानं लोक पाहतीन." यात टोमणा नव्हता. ती माझी काळजी घेत होती, आणि तेच मला अधिक लागले.

चार महिने पुरे व्हायच्या आत तिने गावी सोडून यायला सांगितले. मी म्हणालो, जुन्या गावात एक जागा आहे, मी पाहिली होती, तिकडे जाऊ. तिने ऐकून घेतले.

"तवा पाह्यली होती?" तिने विचारले.

"हो."

"मंग काऊन नाई घेतली?"

मी शाळेचे सांगितले, नळाचे सांगितले. ती मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "लेकरं इथं रमले. त्याईले नको हालवू. मीच जाईन." जुन्या गावातली ती जागा अजून मोकळी आहे का, हे पाहायला मी कधी गेलो नाही. तिने नको म्हटल्यावर मला मोकळे झाल्यासारखे वाटले होते, हेही येथे लिहिलेच पाहिजे.

मी तिला जानेफळला पोचवले. ठरल्याप्रमाणे ती रुसली नव्हती आणि मीही रुसलो नाही. त्यानंतर ती बुलढाण्याला येई ती सकाळच्या मोटारीने, आणि नातवंडांना पाहून संध्याकाळच्या मोटारीने परत जाई. मी गावी जाई तेव्हा ती माझ्याशी जपून बोले, पाहुण्याशी बोलावे तशी. एखादा शब्द अडला तर थांबून मुलांचा शब्द आठवून पाही. मला तिला सांगायचे होते की असे करू नको. ते सांगायचे कोणत्या तोंडाने, हे मला सुचले नाही.

पुढे काही वर्षांनी ती गेली तेव्हा निरोप मिळून मी पोचेपर्यंत दुपार झाली होती. गल्लीतल्या बायकांनी तिला न्हाऊ घातले होते. मी ओट्यावर बसलो. शेवटच्या दिवसांत ती काय खात होती, तिला कुठे दुखत होते, रात्री कोणाला हाक मारत होती, हे मी त्या बायकांना एकेक करून विचारले. त्यांनी सगळे सांगितले. मी खाली मान घालून ऐकत होतो, आणि त्या माझ्याशी सावकाश, शब्द निवडून, शहरातल्या माणसाशी बोलावे तशा बोलत होत्या.