वकीलकाकांची हरकत

सिंगापूरमधल्या बुकित पंजांगच्या आमच्या इमारतीत, माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या वकीलकाकांनी जन्मात एकही गोष्ट मुकाट्यानं मान्य केली नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो. तीस वर्षं अमेरिकेत फौजदारी अपिलं लढवलेला हा माणूस काकू गेल्यावर मुलीकडे इथे आला. म्हणजे नेमका ज्युरीच नसलेल्या देशात! तिकडे अमेरिकेत म्हणे न्यायाधीश ज्युरीला कायदा समजावून सांगतात. त्यात काही चुकलं तर वकिलानं तिथल्या तिथे उठून हरकत नोंदवायची. नाहीतर अपिलात वरचं कोर्ट विचारणार, "तेव्हा काय तोंड शिवलं होतं?"

"हरकत फेटाळली तरी चालेल, नोंदली गेली पाहिजे," हे काकांचं ब्रह्मवाक्य. मग काय विचारता! हॉकर सेंटरमधल्या टपरीवरच्या चहात साखर जास्त, हरकत. मंडळाच्या गणपतीत अध्यक्षांनी "वेळेअभावी दोनच आरत्या" असं जाहीर केलं, तर काका ताडकन उठले आणि सेक्रेटरीनं हरकत लिहून घेईपर्यंत खाली बसले नाहीत. मोदक पार गारढोण! घरी त्यांची स्वतंत्र वही होती: तारीख, वेळ, हरकत, साक्षीदार. साक्षीदार कायम मीच. चांगीच्या ऑफिसातून रिकाम्या फ्लॅटवर परतणाऱ्या मला दुसरा उद्योग काय होता? काका दार उघडं टाकून माझी वाटच बघत असायचे. वैताग यायचा हो, पण एखाद्या दिवशी ते दार बंद दिसलं तर जेवण जायचं नाही.

एका रविवारी त्यांच्या मुलीनं माझ्यादेखतच विषय काढला. तिची बदली लंडनला झाली होती आणि बाबांना तिकडे नेता येणार नव्हतं. पुण्यात ज्येष्ठांसाठी एक चांगली जागा तिनं बघून ठेवली होती. "बाबा, चालेल ना?"

वही टेबलावरच होती. काकांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. "चालेल की. पुण्याची हवा चांगली."

ती आत गेल्यावर मी न राहवून विचारलं, "काका, हरकत?"

"अरे, रडायच्या बेतात होती ती. मी हरकत घेतली असती तर नोकरी सोडून बसली असती. फेटाळली जाण्याची भीती मला कधीच नव्हती रे. ही मान्य झाली असती."

जाताना वही मला देऊन गेले. शेवटच्या नोंदीत त्या रविवारची तारीख, वेळ आणि साक्षीदार म्हणून माझं नाव आहे. हरकतीची जागा कोरी. मीही तिथेच बसलो होतो की, तोंड शिवून! आता रोज ऑफिसातून आलो की त्या बंद दारासमोर क्षणभर थांबतो. माझी हरकत आहे, काका. पण नोंदवून घेणार कोण?